नीटचा निकाल लागला, आता एमबीबीएसला नंबर लागेल का? हिशोब घरच्या घरी कसा मांडायचा

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो: "इतक्या मार्कांना गव्हर्नमेंट लागेल का?" उत्तर द्यायला शेजारी असतात, क्लासवाले असतात, यूट्यूबवरचे सर असतात आणि फॉर्म भरून देण्याचे वीस-तीस हजार घेणारे सल्लागारही असतात. गंमत अशी की यातले बहुतेक जण ज्या पीडीएफ बघून उत्तर देतात, त्या राज्याची प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळतात. थोडा वेळ, एक वही आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या एवढ्यावर हा हिशोब तुम्हाला स्वतः करता येतो. पुढे जे लिहिलंय ते महाराष्ट्रातून दहावी-बारावी केलेल्या आणि इथला अधिवास असलेल्या मुलांसाठी आहे. गोव्यातल्या मुलांची प्रक्रिया तिथल्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडून होते. तिथे नीटचा क्रमांक चालतो, पण पुढचे कोटे लागू होत नाहीत.

आधी मार्क विसरा

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. मागच्या वर्षी अमुक मार्कांना अमुक कॉलेज मिळालं, या माहितीचा यंदा उपयोग शून्य. ७२० पैकी ६०० मार्क घ्या. २०२३ला ६०० मार्कांना देशपातळीवरचा क्रमांक तीस हजारांच्या आसपास होता. २०२४ला तेवढ्याच मार्कांना तो ऐंशी हजारांच्या घरात गेला, कारण त्या वर्षी मार्कांचा नुसता पूर आला होता. पुढच्या वर्षी, २०२५ला, फिजिक्सने सगळ्यांना रडवलं. देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ मिळाले आणि ६००च्या वर जेमतेम तेराशे-चौदाशे मुलं होती. म्हणजे मार्क तेच, पण एका वर्षी सरकारी कॉलेजची खात्री नाही आणि दुसऱ्या वर्षी देशातल्या नामांकित कॉलेजांची दारं उघडी.

२०२५चा पेपर झाल्यावर निकाल लागेपर्यंत कितीतरी घरांत सुतक होतं. पोरं ५२० मार्क मोजून 'वर्ष गेलं' म्हणत होती. निकाल आल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांचे क्रमांक पाहून घरच्यांचा विश्वास बसेना. त्यामुळे पेपर आणि निकाल यांच्यामधल्या महिनाभरात रँक प्रेडिक्टरमध्ये आकडे टाकत बसू नका. उत्तरसूची आणि स्वतःच्या ओएमआरची, म्हणजे उत्तरपत्रिकेची, प्रत आली की मार्क मोजा, कुठे तफावत दिसली तर मुदतीत हरकत घ्या, बाकी क्रमांकाची वाट बघा.

आणि 'नीट पास' या शब्दावर पेढे वाटू नका. २०२५ला सुमारे २२ लाख मुलांनी परीक्षा दिली आणि त्यातली १२ लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली. खुल्या वर्गाचे पात्रता गुण १४४ होते. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यात सरकारी साधारण निम्म्या. पात्रता म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, एवढंच.

पायरी १: तुम्ही कुठल्या कुठल्या रांगेत उभे आहात ते ठरवा

एकाच क्रमांकावर तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी नशीब आजमावता येतं. प्रत्येकाचा हिशोब वेगळा.

सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. त्या दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती भरते. सगळी एम्स, पुद्दुचेरीचं जिपमर आणि देशभरातली डीम्ड (अभिमत) विद्यापीठंही एमसीसीकडेच. पुण्याच्या एएफएमसीसाठीही नोंदणी तिथेच, पण त्यापुढे त्यांची वेगळी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. उरलेल्या ८५ टक्के सरकारी आणि महापालिकेच्या जागा, तसंच खासगी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी सेल कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांमधून भरतो. खासगीतल्या बाकी १५ टक्के जागा संस्थास्तरीय आणि एनआरआय कोट्याच्या. तिथलं शुल्क नेहमीच्या कित्येक पट असतं.

खुल्या वर्गातल्या मुलाला अखिल भारतीय कोट्यातून सरकारी जागा हवी असेल, तर क्रमांक साधारण वीस ते पंचवीस हजारांच्या आत लागतो. त्यापलीकडे असाल तर मुख्य आशा राज्याच्या ८५ टक्क्यांवर. तरी एमसीसीचा फॉर्म भरावाच, विशेषतः केंद्राच्या यादीतले ओबीसी, एससी, एसटी असाल तर.

इथे एक गोची आहे. केंद्राची वर्गवारी आणि राज्याची वर्गवारी जुळत नाही. एमसीसीकडे एससी १५, एसटी ७.५, ओबीसी २७ आणि ईडब्ल्यूएस १० टक्के. राज्यात एससी १३, एसटी ७, व्हीजे-एनटीचे चारही गट मिळून ११, ओबीसी १९, एसईबीसी १० आणि ईडब्ल्यूएस १०. एसईबीसी ही केंद्राच्या दृष्टीने वर्गवारीच नाही. त्यामुळे मराठा समाजातल्या मुलाला एमसीसीकडे खुल्यातून किंवा ईडब्ल्यूएसच्या निकषांत बसत असेल तर त्यातून जावं लागतं. उलट व्हीजे-एनटीतल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं. नीटच्या स्कोअरकार्डवर जी कॅटेगरी रँक छापून येते ती देशभरातल्या मुलांतली असते. महाराष्ट्राच्या कॅपसाठी तिच्याकडे बघायचंही कारण नाही.

पायरी २: कागद नाहीत तर कॅटेगरी नाही

चान्स मोजताना लोक हे शेवटी धरतात, ते आधी धरा. जातीचा दाखला आहे पण जात वैधता प्रमाणपत्र नाही, म्हणजे ज्याला आपण नुसतं व्हॅलिडिटी म्हणतो तेच नाही, तर हिशोब खुल्या वर्गाच्या आकड्यांवरच करा. नॉन क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. जुनं प्रमाणपत्र जोडून ऐनवेळी खुल्यात ढकललेली मुलं दरवर्षी दिसतात. अधिवास, दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, बारावीला भौतिक-रसायन-जीवशास्त्र मिळून खुल्याला ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के, ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण: यातलं एकही अडलं तर बाकी सगळा हिशोब वाया. डोंगरी भाग, माजी सैनिकांची मुलं, अनाथ, दिव्यांग आणि सीमाभागातल्या वादग्रस्त ८६५ गावांतली मराठी मुलं यांना वेगळ्या जागा असतात. त्या थोड्या असतात, पण स्पर्धाही थोडी असते. आपण त्यात बसतो का, हे एकदा तपासाच.

पायरी ३: कॉलेजात खरोखर किती जागा आहेत ते मोजा

कॉलेजच्या नावापुढे १५० लिहिलेलं असतं, म्हणून १५० जागा तुमच्यासाठी नसतात. लातूर, नांदेड किंवा अंबाजोगाईसारखं दीडशे जागांचं सरकारी कॉलेज घ्या. २२-२३ जागा अखिल भारतीय कोट्यात गेल्या, राहिल्या साधारण १२७. वर दिलेली आरक्षणं एकत्र केली की ७० टक्के होतात, म्हणजे खुल्या वर्गाला ३० टक्के, साधारण ३८ जागा. त्यातही ३० टक्के समांतर आरक्षण मुलींचं, म्हणजे ११ जागा. शिवाय खुल्या जागांवर गुणवत्तेने कुणीही येतो. राखीव वर्गातला मुलगा वरच्या क्रमांकावर असेल तर तो खुल्यातूनच जातो. ओबीसीच्या वाट्याला २४, व्हीजे-एनटीतल्या एनटी-डी गटाच्या वाट्याला दोन किंवा तीन.

जिथे दोन-तीनच जागा आहेत, तिथे एका मुलाने एम्सला जायचं ठरवलं तरी शेवटचा क्रमांक शेकड्यांनी हलतो. म्हणून छोट्या वर्गवारीत एकाच वर्षाचा कटऑफ धरून निष्कर्ष काढू नका. किमान तीन वर्षांचा बघा.

पूर्वी राज्यात ७०:३० असं विभागवार आरक्षण होतं. ते २०२०मध्ये रद्द झालं. त्याआधीचे मराठवाडा-विदर्भाचे आकडे कुणी दाखवले तर बाजूला ठेवा.

पायरी ४: एआयआरवरून एसएमएल

राज्याची नोंदणी संपली की सीईटी सेल राज्याची गुणवत्ता यादी लावतो. त्यात प्रत्येकाला राज्य गुणवत्ता क्रमांक मिळतो, त्यालाच सगळे एसएमएल म्हणतात. खरा हिशोब या आकड्यावर चालतो. पण ही यादी यायला वेळ लागतो, तोवर अंदाज असा काढा: मागच्या वर्षीची गुणवत्ता यादी उघडा, त्यात तुमच्या आसपासचा अखिल भारतीय क्रमांक, म्हणजे एआयआर, शोधा आणि त्या मुलाचा एसएमएल किती होता ते बघा. दोन वर्षांचं करा. दोन्हीत फरक दिसेल, त्यातला मोठा आकडा धरा. इथे आशावादी राहून काही मिळत नाही.

पायरी ५: निवड यादी वाचायला शिका

बहुतेक पालक इथेच थकतात आणि सल्लागाराकडे जातात. प्रत्येक फेरीनंतर एक लांबलचक पीडीएफ येते. एका ओळीत एक मूल: अखिल भारतीय क्रमांक, नाव, लिंग, वर्गवारी, मग कोणत्या कोट्यातून जागा मिळाली आणि शेवटी कॉलेजचा चार आकडी कोड. जागा मिळाली नसेल तर त्या रकान्यात 'चॉईस नॉट अव्हेलेबल' असं लिहिलेलं असतं. वर्गवारी आणि कोटा हे दोन वेगळे रकाने आहेत, त्यांची गल्लत करू नका. एखाद्याची वर्गवारी ओबीसी पण कोटा ओपन दिसेल. तो गुणवत्तेने खुल्या जागेवर गेला. तुम्हाला ओबीसीचा शेवटचा क्रमांक हवा असेल, तर कोट्याच्या रकान्यात ओबीसी लिहिलेली आणि सरकारी कॉलेज मिळालेली शेवटची ओळ शोधायची. मुलींच्या जागांना कोट्यापुढे डब्ल्यू जोडलेला असतो.

वहीत एक तक्ता करा. पहिल्या फेरीत सरकारीला तुमच्या कोट्यातून शेवटचा क्रमांक किती गेला, तिसऱ्या फेरीत किती, शेवटच्या स्ट्रे, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीत किती. यादीतल्या एआयआरसमोरचा एसएमएल त्याच वर्षीच्या गुणवत्ता यादीत बघून तोही लिहा. तेच खासगीचं. तेच आदल्या वर्षाचं.

एक उदाहरण करून बघू. आकडे कल्पित आहेत, रीत तेवढी घ्या. समजा लातूर जिल्ह्यातली मुलगी, ओबीसी, व्हॅलिडिटी आणि नॉन क्रिमिलेअर हातात, एआयआर ६१ हजार. मागच्या यादीवरून तिचा एसएमएल निघतो ५,९००. तक्त्यात दिसतं की ओबीसीतून सरकारीचा शेवटचा क्रमांक पहिल्या फेरीत ५,३०० होता आणि तिसऱ्या फेरीत ५,७५०. मुलींच्या जागेवर तिसऱ्या फेरीत शेवटची गेली ५,८२०वर. आदल्या वर्षी तोच आकडा ५,९५०. म्हणजे ती अगदी काठावर आहे.

आता काठावरच्या मुलांनी एक गोष्ट बघायची: यंदा जागा वाढल्या का? २०२४ला नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ आणि मुंबई अशी दहा नवी सरकारी कॉलेजं एकदम सुरू झाली. ९०० जागा वाढल्या, त्यातल्या ७६५ राज्याच्या वाट्याला. अशा वर्षी शेवटचा क्रमांक बराच खाली सरकतो आणि जुना तक्ता तुम्हाला उगाच घाबरवतो. उलट नवं आरक्षण लागू झालेल्या वर्षी खुल्या वर्गाचा आकडा वर चढतो. एसईबीसी आलं तेव्हा तेच झालं.

माझा ठोकताळा सांगतो. मागच्या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीच्या शेवटच्या क्रमांकाच्या आत असाल तर निर्धास्त राहा, प्रश्न फक्त कोणतं कॉलेज एवढाच. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीच्या मधे असाल तर नंबर लागण्याची शक्यता चांगली, पण ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत दम धरावा लागेल. शेवटच्या फेरीच्या आकड्याच्या थोडंसं बाहेर असाल तर आशा ठेवा, पण दुसरी सोय करून. त्याहून लांब असाल तर सरकारी एमबीबीएस यंदा नाही असं धरून पुढचं वाचा.

पायरी ६: पैशाचा रकाना

चान्स म्हणजे नुसता क्रमांक नाही. सरकारीचं वार्षिक शुल्क लाख-दीड लाखाच्या आसपास, त्यावर एमबीबीएसनंतर एक वर्षाचा बंधपत्रित सेवेचा नियम. खासगीचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजवार ठरवतं. बऱ्याच ठिकाणी ते दहा लाखांच्या आगेमागे जातं, काही ठिकाणी त्याहून बरंच वर. डीम्डला वर्षाला वीस-पंचवीस लाख तर सहज. हा आकडा साडेचार वर्षांनी गुणा, वर वसतिगृह, मेस आणि अनामत धरा.

पण वरच्या लातूरच्या मुलीकडे परत बघा. जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून मिळालेल्या जागेचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजांनाही हे लागू आहे. डीम्ड आणि खासगी विद्यापीठांना नाही. म्हणजे तिच्यासाठी राज्यातली खासगी कॉलेजंही आवाक्यात आली, आणि काठावरचा चान्स एकदम पक्का झाला. फक्त विकास शुल्क, वसतिगृह, मेस हे खिशातूनच. प्रवेशाच्या वेळी आधी पूर्ण फी भरा म्हणून कुणी अडवलं, तर शासन निर्णयाची छापील प्रत सोबत असू द्या. मुलांनी आणि बाकी वर्गांनी महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर आपल्या वर्गाची शिष्यवृत्ती बघावी. तीही कॅपमधूनच मिळते, संस्थास्तरीय कोट्यातून नाही.

पायरी ७: पसंतीक्रम

इथे चान्स वाढत नाही, पण मूर्खपणाने घालवता मात्र येतो. क्रम आवडीचा लावा, 'मिळेल का'चा नाही. केईएम, जेजे, बीजे, सायन, नागपूर वर टाकल्याने खालचं हिंगोली हातचं जात नाही. उलट 'मला हेच मिळेल' असं समजून मधलंच एक पहिल्या नंबरला टाकलं आणि ते लागलं, तर पुढचं चांगलं कॉलेज गेलं. पहिल्या पसंतीची जागा मिळून ती नाकारली, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडण्याची वेळ येऊ शकते. दुसऱ्या फेरीत वरचं कॉलेज लागलं की आधीची जागा आपोआप रद्द होते, परतीचा रस्ता नाही. मिळालेल्या जागेवर समाधानी असाल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरून थांबा. काठावरच्या मुलांनी सगळीच सरकारी कॉलेजं टाकावीत, नंदुरबार आणि सिंधुदुर्गसकट. लांब म्हणून वगळलेलं कॉलेज दुसऱ्याला मिळालेलं बघून हळहळणारे मी खूप पाहिलेत.

एमसीसीच्या फेऱ्या राज्याच्या फेऱ्यांना खेटून चालतात. पहिल्या फेरीतली जागा सोडली तर नुकसान होत नाही, दुसरीपासून अनामत जाते, आणि स्ट्रे फेरीत मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या वर्षीच्या नीटला बसता येत नाही. नको असलेली जागा स्ट्रेमध्ये भरूच नका. दोन्हीकडच्या माहिती पुस्तिका दरवर्षी थोड्या बदलतात, म्हणून यंदाचीच वाचा.

हिशोब नाही म्हणाला तर

आधी रिपीटचं. मी एकच बघतो: यंदाचे मार्क सराव पेपरांच्या सरासरीपेक्षा किती कमी आले? सराव परीक्षांत सतत बऱ्याच वरचे मार्क येत होते आणि मुख्य दिवशी आजारपण, घाई किंवा ओएमआरचा घोळ झाला, तर वर्ष देण्यात अर्थ आहे. सरावातही तेवढेच येत होते तर आणखी एका वर्षाने नेमकं काय बदलणार, याचं उत्तर विषयवार लिहून काढा. बायोलॉजीचे ३२० असून फिजिक्स साठवर अडकलं असेल तर सुधारायला जागा आहे. तिन्ही विषयांत सारखीच ओढाताण असेल तर दुसऱ्यांदा रिपीटला माझा विरोध असतो, आई-बापांनी कितीही धीर दिला तरी.

बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग यांचाही हिशोब याच पद्धतीने, त्यांच्या याद्या बघून करा. परदेशी जायचं असेल तर २०२१च्या नियमांनुसार तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला आणि तिथल्याच इंटर्नशिपसह हवा. परत आल्यावर परवाना परीक्षा असतेच आणि तिचा निकाल बहुतेक सत्रांत निम्म्याहून कितीतरी कमी लागतो. एजंट फक्त फी सांगतो, हे तुम्ही विचारा.

बीएएमएसला प्रवेश घेऊन सोबत पुन्हा नीटची तयारी करायची ठरवलीत, तर त्या वर्षीची प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख आणि त्यानंतर किती रक्कम भरावी लागते, हे आधी पुस्तिकेत शोधून वहीत लिहा. मूळ कागदपत्रं जमा करण्याआधी दाखल्यांसह सगळ्यांच्या रंगीत प्रती आणि साक्षांकित झेरॉक्सचे तीन-चार संच काढून ठेवा. एकदा मूळ प्रती कॉलेजच्या कपाटात गेल्या की पुढच्या फेरीला त्या वेळेत बाहेर निघतीलच असं नाही.